अठ्ठावीस दिवसांची राखण

आमच्या देडतलाईच्या स्टँडवर उभं राहिलं की एकीकडे बऱ्हाणपूरची गाडी लागते आणि दुसरीकडे धारणीची. एक मध्य प्रदेशात राहते, दुसरी थोड्याच वेळात महाराष्ट्रात शिरते. लग्नं, बाजार, दवाखाने सगळं दोन्हीकडे चालतं. सीमा आहे हे आम्हांला एरवी आठवतही नाही. ती आठवते कागदपत्रं काढायची वेळ आली की. आणि मुलीला थेट इंग्लंडला शिकायला पाठवायचं ठरलं, तर ही घरासमोरची सीमा किती उंच होऊन बसते, ते मी २०२५ साली जवळून पाहिलं.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. मी तिचं नाव लिहीत नाही, कारण तिचे वडील म्हणाले, "मॅडम, लिहा, पण आमचं नाव नको." घरची साडेपाच एकर शेती. कापूस, सोयाबीन आणि विहिरीला पाणी राहील त्या वर्षी केळी. मुलगी हुशार. अकरावीपर्यंत माझ्या ओसरीवर अभ्यासाला यायची. पुढे बऱ्हाणपूरला राहून बी.एस्सी. झाली आणि मग दोन वर्षं घरी बसली. बसली म्हणजे बसली नव्हती. आजीला अर्धांगवायू झाला होता, तिचं सगळं हिनंच केलं. संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. वडिलांच्या केळीचा हिशेब ठेवला. घड उतरवल्यापासून व्यापाऱ्याच्या गाडीत पडेपर्यंत किती माल काळा पडतो, याची तिची एक वहीच होती. त्या वहीतूनच तिच्या डोक्यात फळं टिकवण्याचं शास्त्र शिकायचं आलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एका वर्षाचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम होता. तिनं अर्ज केला आणि प्रवेशाचं पत्र आलं.

पत्र घेऊन घरची मंडळी माझ्याकडे आली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं, वडील मात्र गप्प होते. थोड्या वेळानं म्हणाले, "प्रवेश तर झाला. आता व्हिसा म्हणजे काय काय करावं लागते?"

मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. माझा स्वतःचा पासपोर्ट आजही कोरा आहे. पण शिक्षक म्हटलं की "बघते" म्हणावं लागतं. मी बघितलं. त्यातून जे कळलं ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

एकाच बापाची दोन नावं

पहिली अडचण निघाली ती नावाची. व्हिसासाठी पैसे वडिलांच्या खात्यात दाखवले तर चालतात, पण ते आपलेच वडील आहेत हे जन्माच्या दाखल्यानं सिद्ध करावं लागतं. शिवाय पैसे वापरायला त्यांची संमती आहे असं पत्र लागतं. हिचा जन्म आजोळी, सीमेपलीकडच्या दवाखान्यात झालेला. तिथं मामांनी घाईत वडिलांचं घरात हाक मारायचं नाव सांगितलं, तेच दाखल्यावर चढलं. बँकेत आणि आधारवर मात्र पूर्ण नाव. आपल्याला हसू येतं, पण कागद वाचणाऱ्या परदेशातल्या अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसंच दिसणार.

आमच्या सीमाभागात हे घरोघरी आहे. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. इकडे मुलाचं नाव एका ओळीत आणि वडिलांचं दुसऱ्या ओळीत. आदिवासी कोरकू मुलांच्या कागदांवर कितीदा एकच नाव असतं, आडनावाची जागा रिकामीच. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तर, पासपोर्टवर नावाची जागा कोरी असेल तर तिथं इंग्रजीत 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं लिहावं लागतं. ज्या मुलीला आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं, तिचं नाव अज्ञात!

नोंदीतली चूक दुरुस्त करता येते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात १५ व्या कलमात तशी सोय आहे, आणि दुरुस्ती जिथे नोंद झाली तिथल्याच निबंधकाकडे होते. त्यासाठी वडिलांनी सीमेपलीकडे पाच खेपा घातल्या. माझं सांगणं एवढंच, की मूल दहावीला असतानाच जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि आईवडिलांचं बँकेतलं नाव, ही चारही एकदा शेजारी ठेवून वाचा. अक्षराचाही फरक असेल तर तेव्हाच दुरुस्त करा. पुढे वेळ कमी पडतो.

सल्लागाराची सोपी वाट

दुसरी अडचण पैशांची, आणि इथंच मला माझ्या एका चुकीची कबुली द्यायची आहे.

ब्रिटनचा नियम असा आहे, की पहिल्या वर्षाच्या शुल्कातली बाकी आणि राहण्याखाण्याचा खर्च तुमच्याजवळ आहे हे दाखवावं लागतं. लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्या वेळी महिन्याला १,१३६ पौंड धरत, तेही जास्तीत जास्त ९ महिन्यांचे. म्हणजे १०,२२४ पौंड, आपल्या भाषेत साडेअकरा लाखांच्या आसपास. नोव्हेंबर २०२५ पासून हा आकडा महिन्याला १,१७१ पौंड झाला. शुल्क आणि या खर्चातला काही भाग बँकेच्या शैक्षणिक कर्जातून भागणार होता. कर्जाला तारण लागलं. शेतजमीन बँकेनं घेतली नाही, बऱ्हाणपूरच्या मामांनी आपलं घर लिहून दिलं. असे मामा सगळ्यांना मिळोत. तरीही सव्वासहा लाख घरून उभे करायचे होते.

जवळच्या शहरातल्या एका सल्लागारानं वडिलांना सोपी वाट दाखवली. "पैसे आम्ही तुमच्या खात्यात टाकतो, महिनाभर राहू देतो, शेकडा दोन रुपये द्या. आणि मुलीची दोन वर्षं रिकामी दिसतात, ते बरं नाही. तुमच्या ओळखीच्या त्या कॉलेजच्या मॅडमकडून अनुभवाचं पत्र आणा. प्रयोगशाळेत काम केलं असं लिहून घ्या."

वडील ते निरोपासारखं माझ्यापर्यंत घेऊन आले. हात जोडून उभे राहिले. ज्या माणसानं माझ्या आजारी सासऱ्यांना रात्री ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं होतं, तो हात जोडून उभा. मी नाही म्हणू शकले नाही. त्या रात्री मी पत्राचा मसुदा लिहिला. दोन वर्षं, प्रयोगशाळा सहायक, काम समाधानकारक. लिहिताना मनाची समजूत घातली, की यात कुणाचं काय जातं? पोरीचं भलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं तो कागद वाचला आणि खाली ठेवला. म्हणाली, "मॅडम, मुलाखतीत प्रयोगशाळेतलं काही विचारलं तर मी काय सांगू? मला तर आजीचीच दोन वर्षं आठवतील."

मी कागद फाडला. विद्यार्थिनीनं शिक्षिकेला शिकवलं, यात मला कमीपणा वाटत नाही. वाटली ती लाज, आदल्या रात्रीची.

मग नियम नीट वाचले तेव्हा अंगावर काटा आला. खोटे कागद दिल्याचं उघड झालं तर ब्रिटनची दारं १० वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात. अमेरिकेच्या कायद्यात तर खोटी माहिती देणाऱ्याला कायमचं अपात्र ठरवता येतं. सल्लागार आपलं दुकान हलवतो, पोरीच्या नावावरचा डाग मात्र हलत नाही. आणि अभ्यासात पडलेला खंड हा काही गुन्हा नाही. तो का पडला ते खरं सांगायचं असतं, इतकंच. मी नवं पत्र लिहिलं. त्यात आजी होती, शिकवण्या होत्या आणि केळीची वही होती.

बंगालमधली एक मुलाखत

व्हिसाच्या आधी विद्यापीठ स्वतः संगणकावर मुलाखत घेतं. समाधान झालं तरच ते व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पक्कं पत्र देतं. सल्लागारानं त्या मुलाखतीची पाठ करायची उत्तरंही छापून दिली होती. हाच देश का? आपल्या देशात हे शिक्षण मिळत नाही का? खर्च कोण करणार? पुढे काय करणार?

हे प्रश्न वाचले आणि मला आनंदीबाई जोशी आठवल्या. इतिहासाची शिक्षिका आहे, त्याला इलाज नाही!

१८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या. व्हिसा नावाचा प्रकार तेव्हा नव्हता. पासपोर्ट-व्हिसाची आजची पद्धत रुळली ती पहिल्या महायुद्धानंतर. पण मुलाखत त्यांनाही चुकली नाही. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला, बदली बंगालमधल्या श्रीरामपूरला. लोकांच्या शंकांना उत्तर द्यायला त्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून बोलल्या. लोक जे विचारत होते ते प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले. अमेरिकेलाच का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिथं अपयश आलं, संकट आलं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते मीच का करावं?

या सहा प्रश्नांतले निम्मे आजही तसेच विचारले जातात, फक्त विचारणारा बदलला. तेव्हा समाज विचारत होता, आता अधिकारी विचारतात. आनंदीबाईंनी उत्तरं दुसऱ्याची पाठ केलेली नव्हती, म्हणून ती आजही वाचवतात. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा वाट पाहत राहिली. "परत येणार का?" या प्रश्नाला त्यांनी स्वतः येऊन उत्तर दिलं होतं.

आणखी एक नाव आमच्याच बाजूचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ चा, महूचा. म्हणजे आमच्या निमाडाला लागून असलेल्या माळव्यातला. १९१३ साली ते सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून आल्यावर १० वर्षं बडोद्याची नोकरी करीन, असा करार त्यांना करून द्यावा लागला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. १९२० साली साठवलेले आणि उसने पैसे घेऊन ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पैशांपायी अडलेला अभ्यास किती मोठ्या माणसाच्याही वाट्याला येतो, हे मी आमच्या मुलीला सांगितलं. तिनं छापील उत्तरांचे कागद चुलीजवळ ठेवून दिले.

पाडवा ते आखाजी

आता राखणीची गोष्ट. नियमाचा खरा काच रकमेत नाही, दिवसांत आहे. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहायला हवी. मध्ये एका दिवसापुरतीही ती कमी झाली तर मोजणी पहिल्यापासून. आणि २८ वा दिवस झाल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

वडील ऐकून हसले. म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात पैसा अठ्ठावीस दिवस निजून राहते का?"

खरं होतं ते. शेतकऱ्याच्या घरी पैसा पाहुण्यासारखा येतो. कापसाचे पैसे आले की कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचा हप्ता, कुणाचं लग्न. पण या वेळी कापूस विकला, सोयाबीन विकलं, विम्याची मुदत संपली होती ती रक्कम आली आणि आईनं आपलं सोनं सोडलं. पाडव्याच्या आधी सव्वासहा लाख भरले. त्यावर वीस हजार जास्तीचे ठेवले, कारण पौंडाचा भाव वरखाली होतो आणि बँक आपले बारीकसारीक आकार न विचारता कापून घेते. पाडवा ३० मार्चला होता. आम्ही त्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. आईनं पासबुक तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसलं. वडिलांनी एटीएम कार्ड माझ्याकडे आणून दिलं. म्हणाले, "माझा माझ्यावर भरोसा नाही. तुमच्याकडं राहू द्या."

नवव्या दिवशी धाकटे काका आले. आखाजीच्या मुहूर्तावर मुलीचं लग्न, पन्नास हजार कमी पडत होते, महिन्यात परत देतो म्हणाले. सख्खा भाऊ. नाही म्हणणं सोपं नव्हतं. वडील दुकानदाराकडे गेले, स्वतःच्या नावावर व्याजानं तीस हजार उचलले आणि भावाला दिले. सतराव्या दिवशी विहिरीतली मोटर जळाली. केळीला पाणी हवं आणि एप्रिलचं ऊन. मोटर बांधून येईपर्यंत शेजाऱ्यानं आपल्या विहिरीवरून एक दिवसाआड पाणी दिलं. त्या आठवड्यात वडील दोनदा माझ्या दारापर्यंत येऊन गेले. एकदा पायरीवर बसले, पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले. कार्ड मागितलं नाही. मीही विषय काढला नाही.

विसाव्या दिवशी मुलाखत झाली. आमच्या ओसरीवर रेंज नीट येत नाही, म्हणून बऱ्हाणपूरला मामांकडे बसून. दोन वर्षं काय केलं, असं त्यांनी विचारलंच. तिनं आजीचं सांगितलं आणि मग केळीचं. घड कुठे दबतो, किती तासांत काळा पडतो, शेतकऱ्याच्या भावातून किती कापलं जातं. नंतर तिनं मला फोन केला. "मॅडम, त्यांनी वही दाखवायला सांगितली. मी कॅमेऱ्यासमोर धरली."

२६ एप्रिलला अठ्ठावीस दिवस भरले. चार दिवसांनी आखाजी. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, घरोघर आमरस-पुरणपोळी होते. काकांच्या मुलीचं लग्नही लागलं. त्या गर्दीत ही पोरगी झोक्यावर बसलेली मी पाहिली. सगळ्या माहेरी आलेल्या, आणि ही निघायची तयारी करत होती.

मे महिन्यात अर्ज गेला. क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच करावी लागते, ती शहरात झाली. व्हिसाचं शुल्क २०२५ साली ५२४ पौंड होतं, आणि त्याशिवाय तिथल्या दवाखान्यांचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड आधीच भरावा लागतो. हे पैसे दाखवायच्या रकमेत धरलेले नसतात, ते वेगळे. बोटांचे ठसे दिले. पुढचे तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. जूनमध्ये पासपोर्ट परत आला, आत व्हिसाचा कागद चिकटवलेला. १५ जुलै २०२५ पासून विद्यार्थ्यांना असा कागद मिळत नाही, व्हिसा आता ऑनलाइन नोंदीत असतो. म्हणजे दारातच पासपोर्ट उघडून पाहण्याचा आनंद मिळालेलं आमच्या गावातलं ते पहिलं आणि शेवटचं घर ठरेल की काय, कोण जाणे!

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी

प्रत्येक देशाची रीत वेगळी. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क जवळजवळ नसतं, पण सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी ठेवावे लागतात. त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून 'एपीएस' हे कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्रही लागतं. अमेरिकेसाठी विद्यापीठाचा आय-२० हा फॉर्म, ३५० डॉलरचं सेव्हिस शुल्क आणि समोरासमोर मुलाखत. मध्य प्रदेशातल्या मुलांना त्यासाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे. आकडे बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावेत. सल्लागाराकडे जायला हरकत नाही, पण अर्जातली प्रत्येक ओळ स्वतः वाचावी. सही तुमची असते.

आणि शिष्यवृत्त्या विसरू नका. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी २० जागा वेगळ्या आहेत. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांनाच मिळते, म्हणजे धारणीच्या पात्र मुलाला मिळेल, देडतलाईच्या नाही. आपल्यासाठी मध्य प्रदेश शासनाच्या वेगळ्या योजना आहेत. कोरकू वस्तीतल्या किती घरांना हे ठाऊक असेल? वर्गात सांगायचं काम माझं आहे, आणि इतकी वर्षं मी ते केलं नव्हतं, हेही कबूल करते.

सप्टेंबरमध्ये ती निघाली. आदल्या संध्याकाळी मी कार्ड परत द्यायला गेले. खात्यात आता फारसं काही उरलं नव्हतं, तरी वडिलांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मुलगी पिशवी भरत होती. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "साहेबांनी जे विचारलं ते विचारलं. आता मी विचारतो. वापस येशील ना?"

मुलगी काही बोलली नाही. आत गेली आणि केळीची वही घेऊन आली. अर्धी भरली होती, अर्धी कोरी. ती तिनं वडिलांच्या हातात दिली. "उरलेली पानं तुम्ही भरा, बाबा. तारीख टाकून भरा. मला परत आल्यावर लागतील."

परवा त्यांच्याकडे गेले होते. वही खुंटीला टांगलेली होती आणि शेवटच्या पानावर वडिलांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत त्याच आठवड्याची तारीख होती.